मुकादमबाईंची सून

घरं रंगवणाऱ्या बायकांची ती टोळी होती आणि टोळीच्या म्होरक्या बाईंना सगळे मुकादमबाई म्हणत. खरं नाव पावतीवर सही करण्यापुरतं उरलं होतं. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने काटक. आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावर शिडीवरून बोलल्या तरी रस्त्यावरचा माणूस मान वर करून बघायचा.

तरुणपणी त्यांनी नवऱ्याचा पुष्कळ मार खाल्ला होता. एका सकाळी पाच वर्षांच्या मुलाचं बोट धरून बाहेर पडल्या, त्या पुन्हा तो उंबरठा चढल्या नाहीत. एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने हाताखाली घेतलं, काम शिकवलं. पुढे स्वतःचं बस्तान बसल्यावर त्यांनी ठरवून टाकलं, की आपल्या हाताखाली घ्यायच्या त्या अशाच बायका. शहरात मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी एक निवारा होता. तिथल्या संचालिका एकेकीला पाठवत आणि मुकादमबाई तिला कामाला जुंपत.

नव्या बाईच्या हातात आधी नुसता पॉलिश पेपर. भिंत घास म्हणायचं, बाकी काही विचारायचं नाही. "घासता घासता माणूस आपणहून बोलतं," बाई म्हणत. "नाही बोललं, तरी भिंत तर गुळगुळीत होते!" मग भोकं-भेगा बुजवायची लांबी कालवायला शिकवायची, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. "आमच्यात हात पडतो तो फक्त भिंतीवर," असं त्या गिऱ्हाइकासमोरही बिनदिक्कत सांगत. टोळीतल्या बायका खुदकन हसत, नवी मात्र जरा उशिरा हसे.

एकदा कोणीतरी छताला रोलर लावायला हात वर नेला आणि शेजारची नवी बाई डोकं दोन्ही हातांनी झाकून मटकन खाली बसली. त्या दिवसापासून नियम झाला. हात डोक्यावर नेण्याआधी मोठ्याने सांगायचं, "वर जातेय." गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. बायकांना वाटत नसे.

निवाऱ्याचाही एक नियम मुकादमबाईंनीच भांडून करून घेतला होता. बाई कुठे आहे, हे नवऱ्याकडच्या कोणालाही सांगायचं नाही. मग तो येऊन पाया पडो, नाहीतर त्याची आई पदर पसरो. "सासवांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका," त्या म्हणाल्या होत्या. "गोड बोलून गळा कापतात."

कितीतरी जणी त्यांच्या हाताखालून पायावर उभ्या राहिल्या. एकीने स्वतःची टोळी काढली, एक रंगाच्या दुकानात गल्ल्यावर बसली. बाईंचं चार ठिकाणी कौतुक होई. त्यांना ते आवडे, खोटं कशाला बोला.

मुलगाही शिकला, कारखान्यात लागला. त्याचं लग्न झालं, जवळच वेगळं बिऱ्हाड झालं. सून मितभाषी, पण हसतमुख. मुकादमबाई तिला म्हणत, "तुझं नशीब बघ, सासू दिवसभर शिडीवर. तुझ्या डोक्यावर बसायला वेळच नाही." सून हसायची.

एका सुट्टीच्या दिवशी मुलाचा निरोप आला. झोपायच्या खोलीच्या दाराला भोक पडलंय, जरा बघशील का. मुकादमबाई लांबीचा डबा आणि ती लावायची पत्री घेऊन गेल्या. दार हलक्या लाकडाचं, आतून पोकळ. भोक छातीच्या उंचीवर, मुठीएवढं, कडा आत दबलेल्या.

"कपाट सरकवताना कोपरा लागला," मुलगा म्हणाला.

असली भोकं मुकादमबाईंनी दहा घरांतून पाहिली होती. कपाटाचा कोपरा कसा लागतो आणि मूठ कशी लागते, हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "कपाट हलवायला दोन माणसं लागतात रे, सांगायचंस मला." आणि लांबी कालवायला बसल्या.

सून चहा घेऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा चहा घेऊनच. मुकादमबाई म्हणाल्या, "चहा झकास झालाय हो." मग छताच्या कोपऱ्यात ओल दिसली, ती दाखवायला त्यांनी पत्रीसकट हात वर केला. सुनेची मान झटकन खांद्यात गेली. पापण्या घट्ट मिटल्या.

"डोळ्यात धूळ गेली वाटतं," मुकादमबाई म्हणाल्या.

"हो," सून म्हणाली.

दार त्यांनी इतकं सुरेख केलं, की भोक कुठे होतं ते बोट फिरवूनही कळू नये.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलगा सकाळी सकाळी टोळीचं सामान ठेवायच्या गोदामात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. "आई, ती गेली. फोन उचलत नाही. माहेरीही नाही. तुझ्या त्या निवाऱ्यातल्या बाईंना विचार ना."

मुकादमबाई तशाच उठून गेल्या. संचालिकांनी त्यांना खुर्ची दिली, दार लावून घेतलं.

"इथे आली होती," त्या म्हणाल्या. "मला आधी ठाऊक नव्हतं कोणाची कोण. म्हटलं, रंगकामाची एक चांगली टोळी आहे, तिथे पाठवते. तर म्हणाली, कुठेही पाठवा, तिथे नको."

"आत्ता कुठे आहे ती?"

संचालिकांनी समोरची नोंदवही मिटली. "बाई, नियम तुम्हीच करायला लावलात. नवऱ्याकडच्या माणसांना सांगायचं नाही. तुम्ही नवऱ्याकडच्या."

मुकादमबाई खुर्चीवरून उठल्या.

तिथून त्या मुलाच्या घरी गेल्या. "हात उचललास?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"रागाच्या भरात, आई. रोज नाही काही." मग तो जरा चिडून म्हणाला, "आणि आता असं काय विचारतेस? तुला माहीत होतं. दार तूच बुजवलंस. मला वाटलं, तू समजून घेतलंस."

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मुलाला नवऱ्याच्या घरातून बाहेर काढलं की सुटलो, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. पाच वर्षांच्या पोराने तिथे काय काय पाहिलं, हे त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं. जगातल्या बायकांचं दुखणं न विचारता कळलं, आणि घरात विचारायचं तर जीभ उचलली नाही.

पुढच्या वर्षी एका शाळेच्या रंगकामाचं कंत्राट टोळीला मिळालं. सकाळी फाटकाशी मुलांची व्हॅन येऊन थांबली. चालकाच्या जागेवर सून होती. केस आखूड केलेले, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मुलांना उतरवून घेताना ती एकेकाच्या दप्तराचा बंद नीट करत होती.

मुकादमबाई रंगाच्या हातांनीच पुढे गेल्या. "बरी आहेस ना?"

"बरी आहे." जरा थांबून ती म्हणाली, "बाई, तुम्ही कशा आहात?"

पूर्वी ती 'आई' म्हणायची.

"दार मी बुजवायला नको होतं," मुकादमबाई म्हणाल्या.

सुनेने व्हॅनचं दार लावलं. "त्या दिवशी दोनदा चहा घेऊन आले मी. वाटलं, आता विचारतील. म्हटलं, यांना नाही कळणार तर कोणाला कळणार."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"काय माहीत. पण विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

"माझ्याकडे काम आहे. तुला हवं तेव्हा..."

"मला हे आवडतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागाला काहीतरी उत्तर देता आलं असतं. "मुलं वाट बघत असतील. दुसरी फेरी आहे."

व्हॅन वळून गेली. टोळीतल्या सगळ्यात जुन्या बाईने विचारलं, "कोण होती हो?"

"ओळखीची," मुकादमबाई म्हणाल्या आणि शिडीकडे वळल्या. भिंत अर्धी ओली होती, थांबलं की डाग पडतो.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. आठवड्यातून एकदा यायचाच. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने नेहमीसारखं विचारलं, "तिचं काही कळलं का?"

"नाही," मुकादमबाई म्हणाल्या.

मग तो आपल्या खोकल्याबद्दल बोलत राहिला, आणि त्या ऐकत राहिल्या. मुलगा होता त्यांचा, ऐकणार नाहीत तर काय करणार.