चढावर दम तोडणारी मोटार

बाबूला एका जागी स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. परंड्याच्या वेशीबाहेर कडुलिंबाखाली त्याचं गॅरेज. जेवतानाही त्याचा डावा हात कुठला तरी नट फिरवत असायचा. बायको केशरबाई म्हणायची, "तुमच्या अंगातबी इंजिनच हाय. बंद व्हायचं नाव न्हाय."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात केशरबाई सोनारीकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथल्या विहिरी आटलेल्या. म्हणून गावच्या सोसायटीनं निजामाच्या काळातली एक पेट्रोलची मोटार घेतली, मागचा भाग कापून त्यावर पाण्याची पिंपं बसवली. एक दिवस या मोटारीनं चढावरच दम तोडला. ड्रायव्हर वीरप्पानं ती कशीबशी वळवून, उताराच्या जोरावर बाबूच्या दारात आणली.

"कार्बोरेटर भरला आसंल," असं म्हणत बाबूनं तो खोललासुद्धा. साफ केला, बसवला, मोटार चढाला लावली. पुन्हा तेच. मग प्लग बदलले. तरी तेच. ऊन डोक्यावर आलं. तिकडं बाया कोरड्या घशानं हातोडे मारत असतील, या विचारानं त्याचा जीव टांगणीला लागला. हातातला पाना सारखा निसटू लागला.

"आरं, जरा दमानं घे," वीरप्पा म्हणाला.

"दमानं कसं? तिकडं माणसं तडफडाय लागली आसतील!"

शेवटी त्यानं पेटीच्या तळातून व्हॅक्यूम गेज काढलं. हैदराबादच्या उस्तादानं दिलेलं. इंजिन आत किती जोरानं ओढतंय ते त्याच्या काट्यावर कळायचं. पण काट्याकडं नुसतं बघत उभं राहायचं म्हणजे बाबूला शिक्षाच. त्यानं गेजची नळी इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला जोडली. इंजिन सुरू होताच काटा वर गेला आणि स्थिर राहिला. म्हणजे व्हॉल्व धड होते.

"आता रेस दे, आन् तशीच धरून ठेव."

काटा झटक्यात पडला, सावरला, मग हळूहळू खाली सरकू लागला. बाबूचा हात पान्याकडं वळला. त्यानं तो हातच काखेत दाबून धरला आणि काटा तळाला जाईपर्यंत बघत राहिला.

"हिचा धूरच बाहेर पडंना!" तो ओरडला. "आतल्या आत कोंडतुया. मग नवी हवा घेईल कुठनं?"

मोटारीखाली शिरून त्यानं सायलेन्सरचा तापलेला पाइप सोडवला. मनगट भाजलं, तरी थांबला नाही. इंजिन तोफेसारखं गरजलं. वीरप्पाशेजारी बसून बाबूही निघाला. मोटारीनं तो चढ एका दमात मागं टाकला.

आवाज ऐकून बाया आधी बिचकल्या, मग घागरी घेऊन धावल्या. केशरबाईनं नवऱ्याचं मनगट पाहिलं. आपल्या वाट्याच्या पाण्यात पदराचं टोक भिजवून तिनं ते त्यावर धरलं.

"वाया घालवू नगंस पाणी."

"गप बसा जरा इथं."

तो बसला. पण पिंपं रिकामी होताच ताडकन उठला. अजून एक खेप मारायची होती.

दुसऱ्या दिवशी सायलेन्सर कापला, तर आत काजळीचा दगड झालेला. नवा मिळेपर्यंत ती मोटार तशीच बोंबलत पाणी वाहत राहिली.