निळ्या ड्रेसची शिवण

मास्तरांच्या पोटात गोष्ट राहते, अशी त्यांची ख्याती होती. बायकांचे कपडे शिवणारा माणूस, चाळीस वर्षं गळ्यात टेप. कुणाची कंबर वर्षात चार इंच सुटली, कुणाचा दंड भरला, सगळं त्यांना ठाऊक. पण माप दुकानाबाहेर जायचं नाही, हा त्यांच्या वस्तादाने घालून दिलेला नियम. एकदा एका गृहस्थाला बायकोसाठी गुपचूप ड्रेस शिवून घ्यायचा होता, म्हणून त्याने तिचं माप विचारलं. मास्तर म्हणाले, "साहेब, तिलाच घेऊन या. गुपचूप द्यायचंच असेल तर दुसरं काहीतरी द्या." गिऱ्हाईक जाड झालं की शिवण सोडायची, रोडावलं की आत घ्यायची, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

हाच नियम त्यांनी पोटच्या पोरीलाही लावला. तिथेच घात झाला.

लेक एकुलती एक. लहानपणी गुबगुबीत होती, म्हणून घरात तिचं नाव पडलं ढब्बू. ती कॉलेजला जायला लागली तेव्हा मास्तरांनी तिला निळा ड्रेस शिवून दिला. तीन महिन्यांनी ती तो घेऊन दुकानात आली. "बाबा, कमरेत जरा आत घ्या ना." घेतला, दीड इंच. मग पुन्हा आली, मग पुन्हा. चौथ्या खेपेला कमरेला वेढूनही टेप एवढी उरली की मास्तरांनी पुन्हा एकदा मोजलं. पोरीच्या दंडांवर बारीक लव उगवली होती, आणि मापासाठी काढलेला स्वेटर उकाड्याचे दिवस असूनही ती लगेच परत चढवत होती.

"आईला नका हं सांगू. उगीच मागे लागेल."

मास्तरांनी वहीत आकडा लिहिला, तारीख घातली आणि वही मिटली. त्यांचा हात असा की ड्रेस दर वेळी अंगावर बेतल्यासारखा बसायचा. बाहेरून कळायची काही सोयच त्यांनी ठेवली नाही. आई तर कौतुकाने म्हणायची, "आमची ढब्बू आता ढब्बू राहिली नाही हो!" जेवायच्या वेळेला ढब्बू नेहमी मैत्रिणीकडे खाऊन आलेली असे. घरी जेवलीच, तर नंतर बराच वेळ बाथरूममधला नळ सुरू असे.

मे महिन्यात एका सकाळी ती जिन्यात पडली. चार पायऱ्या काय त्या, पण मनगट मोडलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि दुसऱ्या हाताची नाडी धरली, ती सोडेचनात. मिनिटाला जेमतेम चाळीस ठोके. त्यांनी रक्त तपासलं, दात पाहिले, पाळीचं विचारलं. सात महिने आलेली नव्हती. मग पोरीला दवाखान्याचा, पाठीवर नाड्या बांधायचा ढगळ अंगरखा घातला. आपल्या हातचं नसलेलं कापड मास्तर लेकीच्या अंगावर पहिल्यांदाच बघत होते. त्यात ती कुठे होती तेच कळेना. गळ्याची हाडं दिसत होती, पाठीचे मणके दिसत होते.

"हा आजार आहे. हट्ट नाही, नखरे तर मुळीच नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उपाशी राहते, खाल्लं तर ओकून टाकते. हाडं ठिसूळ झालीत, म्हणून एवढ्याशाने मनगट गेलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं कमी झालंय की हृदय केव्हाही दगा देईल. आजच भरती करतेय. वजन कधीपासून कमी होतंय?"

"महिनाभर झाला असेल, परीक्षेमुळे," ढब्बू म्हणाली आणि तिने बापाकडे पाहिलं. बाबा बोलायचे नाहीत, अशी तिची खात्री होती.

मास्तर दुकानात जाऊन वही घेऊन आले. उभ्याउभ्याच वाचायला लागले. "जून, कंबर तीस. सप्टेंबर, साडेअठ्ठावीस. नोव्हेंबर, सव्वीस. जानेवारी, चोवीस. मार्च..." पुढचा आकडा न वाचताच त्यांनी वही पुढे धरली. साडेबावीस हा आकडा डॉक्टरीणबाईंनी वहीत वाकून वाचला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" बायकोने विचारलं.

ढब्बूने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सात आठवडे ती तिथे होती. जेवणसुद्धा औषधासारखं, थोडं थोडं वाढवत. उपासाला सरावलेल्या शरीराला एकदम पोटभर सोसत नाही म्हणे. ती जगली. मनगट वाकडं सांधलं, दातांवरचं गेलेलं कवच काही परत आलं नाही, आणि बापाशी बोलणं बंद झालं. "निदान तुम्ही तरी सांगायचं नव्हतं," एवढंच दवाखान्यात एकदा म्हणाली होती. मास्तरांनी ड्रेसच्या चारही शिवणी उसवून तो पहिल्या मापावर आणला आणि तिच्या कपाटात टांगला. ढब्बू म्हणणंही सोडलं. सवयीने नाव ओठांवर यायचं, मग ते गिळून टाकायचे आणि फार वाईट वाटायचं.

पुढच्या वर्षी एका दुपारी आईने दिलेला डबा घेऊन ती दुकानात आली. अंगात निळा ड्रेस होता. डबा मशीनशेजारी ठेवून ती वळली. ड्रेस कमरेत मस्त बसला होता. भरली बरं का पोरगी, असं मनाशी म्हणेपर्यंत मास्तरांची नजर कुशीच्या शिवणीवर गेली. शिवण ओढली गेली होती, सुरकुतली होती. कुणीतरी घाईघाईत मारलेली. मास्तरांच्या हातून अशी शिवण जन्मात गेली नसती.

पोरीने दुसऱ्या शिंप्याकडून ड्रेस आत घेऊन आणला होता.

एक बाई फिटिंगसाठी थांबल्या होत्या. मास्तर त्यांना म्हणाले, "आज दुकान बंद." गळ्यातली टेप काढून त्यांनी मशीनवर ठेवली आणि शटर ओढलं.

"मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. वर्षभरात ती बापाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "खोटं वाटत असेल तर माप घ्या."

"माप नको मला." मास्तरांनी तिचं वाकडं मनगट धरलं. गार पडलं होतं. "डॉक्टरीणबाई चारपर्यंत असतात. चल."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत," मास्तर म्हणाले आणि रडत रडतच भर रस्त्यातून तिला घेऊन चालू लागले. तिने दोनदा हात सोडवून घ्यायला पाहिलं. तिसऱ्यांदा तिच्यात तेवढा जोर राहिला नव्हता.