विहिरीच्या पश्चिमेचे घर

आयुष्यभर इतरांच्या वह्या तपासल्या. स्वतः काही लिहावे एवढी आपली योग्यता आहे, असे कधी वाटले नाही. निवृत्तीनंतर हे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

धारवाडच्या पूर्वेला, पाऊस पोचता पोचता दमून जातो अशा एका उंच, ओसाड माळावर आमचे गाव होते. विहीर आटली आणि माणसे पांगली. पुढे घरांचे दगडही लोकांनी नेले. माझा जन्म त्यानंतरचा, धारवाड शहरातल्या मळमड्डीतला. भूगोल शिकवताना कितीतरी गावे मुलींना नकाशात दाखवली, पण हे एक मी कधीच पाहिले नाही.

अलीकडे त्या भागाचा जुना सर्वेक्षण-नकाशा हाती आला. तपकिरी समोच्चरेषा, तुटक पाऊलवाटा, आणि घरे म्हणजे तांबडे ठिपके. त्यांतले आमचे कोणते, हे सांगू शकणारी एकटी अक्का, माझी थोरली बहीण, उरली आहे. तिचीही स्मृती आता जागोजागी विरू लागली आहे.

अक्काने नकाशा मांडीवर पसरला.

"एवढी शाळा शिकवलीस, आणि आपलं घर सापडेना होय गं?"

"म्हणून तर तुझ्याकडे आणलं. ही बघ विहीर. इथून घरी कशी जायचीस?"

"कशी म्हणजे? घागर घेऊन, चालत!" ती हसली. मग म्हणाली, "सकाळी जाताना तोंडावर ऊन यायचं. येताना पाठ भाजायची."

म्हणजे घर विहिरीच्या पश्चिमेला. त्या बाजूला दोनच ठिपके होते, आणि त्यांतल्या एकाजवळ एकट्या झाडाची खूण होती. ती "झाड" म्हणाली असती, तर माझा शोध तिथेच संपला असता.

"अक्का, दारात काय होतं?"

तिने डोळे मिटले.

"दारात तू असायचीस की. मी दिसले की तुझं रडं थांबायचं."

माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी एवढेच विचारले, "मग?"

"मग काय? घागर उतरायची, तुला कडेवर घ्यायची."

मी नकाशाची घडी घातली. त्या गावात मी कधीतरी होते, असे आजवर मला कुणीच सांगितले नव्हते.

येत्या रविवारी पुन्हा तिच्याकडे जायचे आहे. नकाशा बरोबर नेऊ का?