नदीकडे गेलेला बाण

नकाशा वाचता येतो का, याची परीक्षा घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी जाम चिडले होते. शहरांची आखणी करणाऱ्या, पदव्यांवर पदव्या घेतलेल्या माणसांना विचारायचं काय, तर उतार कुठल्या बाजूला आहे! पण वरच्यांचंही चुकत नव्हतं. आमच्या कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या ऑफिसात सगळे दिवसभर स्क्रीनवर रंग भरत बसायचे, आणि एका आराखड्यात कुणीतरी चक्क तळ्यावर शाळा बसवली होती. म्हणून ठरलं की कागदी नकाशा देऊन सगळ्यांना तपासायचं, अगदी ज्येष्ठांनाही. जो चुकेल त्याला पाण्याच्या निचऱ्याच्या कामावरून काढायचं.

ज्येष्ठ म्हणजे सर. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ते तरुणपणी नागपूरहून कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. मी पुण्याहून आले ती थेट त्यांच्या हाताखाली. आता त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि शहराच्या पूर्वेकडच्या सखल वस्त्यांमधल्या पाण्याचा निचरा हे त्यांचं शेवटचं काम होतं. त्या नकाशावर आपली सही असावी, एवढीच त्यांची इच्छा. येताजाता ते ती बोलून दाखवायचे.

मी नवीन होते तेव्हा सरांनी मला याच भागाचा नकाशा दिला होता. पावसाचं पाणी कुठे जाईल ते बाणाने दाखव, म्हणाले. मी उंचीचे आकडे न बघताच बाण हुगळीकडे काढला. पुण्यात वाढलेल्या मुलीला त्यात विचार करण्यासारखं काय वाटणार? पाणी नदीकडेच जातं. सर खो-खो हसले.

"पुण्याची ना तू? अगं, इथे नदीचा काठ उंच आणि गाव खोलगट. इथलं पाणी नदीकडे पाठ करून पूर्वेला जातं. आधी आकडे वाच, मग अक्कल चालव."

बाहेरून आलेला जवळजवळ प्रत्येकजण ही चूक करायचा. ज्याचा बाण नदीकडे गेला, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या ऑफिसला मिठाई आणायची, तीही संदेशच, असा सरांनीच पाडलेला रिवाज होता. मीही आणली होती.

परीक्षेत मी तोच प्रश्न घातला. सरांना तो झोपेतही सुटला असता. अलीकडे ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारायचे, चष्मा कपाळावर ठेवून टेबलभर शोधायचे, पण वय झालं म्हणून आम्ही हसायचो आणि तेही हसायचे.

सरांनी कागद हाताने चापून सरळ केला, पेन्सिलीला टोक काढलं, आकड्यांवरून बोट फिरवलं. मग सावकाश, ठाम हाताने बाण काढला. नदीकडे. मला वाटलं, थट्टा चालली आहे. आता वर बघतील आणि डोळा मिचकावतील. त्यांनी वर बघितलंही. पण पहिल्या बाकावरच्या मुलाने पेपर चांगला गेला म्हणून बघावं, तसं.

सगळे चहाला गेल्यावर मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"सर, हा बाण एकदा बघता का?"

ते बघत राहिले. मग आकडे तोंडाने वाचू लागले. आधी काठावरचे, मग पूर्वेकडचे. मध्येच थांबले.

"हा मी काढला?"

"हो, सर."

"मीच?"

मला ते सहन होईना. "खोडून टाकते," मी म्हटलं. "अजून कुणी बघितलेलं नाही." त्या क्षणी वस्त्या गेल्या चुलीत, मला फक्त त्यांची सही हवी होती.

त्यांनी माझ्या हातातलं खोडरबर काढून घेतलं. "वेडी आहेस का? उद्या असाच बाण खऱ्या नकाशावर काढून मी खाली सही ठोकली, तर लोकांच्या घरात पाणी शिरेल. चूक आहे, चूक लिही." मग हळूच म्हणाले, "घरी एवढ्यात काही बोलू नकोस. तुझी काकू घाबरेल."

मी लाल पेनाने फुली मारली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. रागही आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर संदेशाचा भलामोठा खोका घेऊन हजर. "बाण नदीकडे गेला की मिठाई द्यायची, नियम म्हणजे नियम!" त्यांनी बंगालीत सगळ्यांना सांगितलं, आणि मला मराठीत, "गुरूची विद्या गुरूला! काय गं?" सगळे हसले. निचऱ्याचं काम त्यांनी स्वतःच माझ्याकडे दिलं, नकाशांची गुंडाळी आणून माझ्या टेबलावर ठेवली. मला हायसं वाटलं. एक चूक झाली, माणसाने ती पचवली, संपलं. उरलेला अर्धा खोका माझ्याच टेबलावर राहिला.

त्याच्या पुढच्या दिवशी मी त्या गुंडाळीतला एक नकाशा उलगडत होते, तेवढ्यात सर दारात दिसले. हातात नवा खोका.

"बाण नदीकडे गेला की मिठाई द्यायची, नियम म्हणजे नियम!"

कुणीच हसलं नाही. शेजारची मुलगी "पण काल तर..." म्हणायला लागली, तसा मी तिचा हात दाबला. सर माझ्यापाशी आले आणि त्यांनी खोका उघडून पुढे धरला.

"गुरूची विद्या गुरूला! काय गं?"

"हो ना, सर," मी म्हटलं आणि एक संदेश तोंडात टाकला. कालचा खोका टेबलावर तसाच उघडा पडला होता. त्यांची नजर तिकडे वळायच्या आत मी त्याच्यावर नकाशा पसरला.