पूजेला मांडलेली पाटी

अक्षर माझं खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी हे वाचलंच तर माफ करावं.

कोल्हापुरात स्टँडजवळच्या एका परमिट रूममध्ये मी भांडी घासते, शेंगदाणे तळते. तिथं दाराशी एक लाकडी पाटी असायची. एका बाजूला ‘मटण थाळी’, दुसऱ्या बाजूला ‘एका पेगवर एक पेग फुकट’. अशी सूट लावायला परवान्यात मनाई आहे, म्हणून दिवसभर थाळीची बाजू रस्त्याकडं ठेवायची आणि सात वाजले की पाटी फिरवायची. ते काम माझं. माझा नवराही तिथंच प्यायचा. आधी एक घेऊन घरी यायचा. दुसरा फुकट मिळायला लागल्यावर त्याला धरून न्यावं लागायचं. तरी पाटी मीच फिरवत होते.

खंडेनवमीला आम्ही ज्यांवर पोट चालतं ती सगळी हत्यारं पुजतो. मी सुऱ्या, झारे, कढई धुऊन मांडली. गिऱ्हाईक पाटी बघून येतं, म्हणून तीही पुसून भिंतीला टेकवली. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. फुलांच्या नादात पेगची बाजू पुढं राहिली. दुपारी दारूबंदी खात्याचे साहेब तपासणीला आले.

“मालक, पूजा झकास केलीय की,” ते म्हणाले. “नियम मोडल्याचा पुरावा हार घालून ठेवलाय.”

दंड झाला. मालकांनी तो माझ्या पगारातून कापायला घेतला.

“तुझ्या भक्तीचा खर्च हाय ह्यो, मावशी. मी का भरू?”

गिऱ्हाइकं हसली. त्यांत माझा नवराही होता. मी मान खाली घालून शेंगदाणे तळत राहिले. दंड फिटेपर्यंत पाच महिने निम्माच पगार घरी नेला.

तोवर पाटी आत पडून होती. मग एका संध्याकाळी मालकांनी ती पुन्हा दाराशी आणली. “मावशी, फिरव की.”

मी उठले नाही. “माझं कापलेलं पैसं द्या आधी. सगळं.”

“न्हाय दिलं तर?”

“साहेब परत आलं तर इचारतील, पाटी कुणाच्या सांगण्यानं फिरती. सांगीन मी.”

एवढं मी आजवर कुणासमोर बोलले नव्हते. मालकांनी स्वतःच पाटी फिरवली. त्या दिवसापासून पाटी तेच फिरवतात.

निम्मे पैसे त्यांनी त्याच आठवड्यात दिले, उरलेले काल. काउंटरवर मी दोनदा मोजले. नवरा आत फुकटचा दुसरा पेग घेऊन बसला होता. पैसे पुरे होते.