पाव्हण्यांचा पाय

मला बघायला माधवनगरची मंडळी येणार होती, त्याच्या चार दिवस आधी वडिलांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. पायावर पाय टाकून बसलं की रक्त अडतं, शिरा फुगतात, बीपी चढतं, असं एक बाई हसतमुखानं सांगत होती. वडील सैन्यातून निवृत्त होऊन वडूजजवळच्या आमच्या गावी परतले होते आणि हुकूम द्यायला त्यांच्याकडं आता फक्त आम्ही मायलेकी उरलो होतो. घरात कुणाचा पाय पायावर दिसला की ते नुसतं "पाय!" म्हणून ओरडायचे. आई मांडी घालून भाकरी थापत होती, तर तिच्याकडंही बराच वेळ बघत राहिले. "मांडीचं काय ते बाईनं सांगितलं न्हाई," असं पुटपुटत तालुक्याला गेले आणि बीपी मोजायचं यंत्र घेऊन आले.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि चुलते. मुलाचे वडील हयात नव्हते, त्यामुळं सगळा कारभार चुलत्यांच्या हातात. कडक इस्त्रीची पांढरी पँट घातलेले ते गृहस्थ सोफ्यावर टेकले आणि त्यांनी उजवा पाय डाव्यावर ऐटीत टाकला.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात, आणि वडिलांची नजर त्या पायावर.

"आवं पाव्हणं, तेवढा पाय खाली घ्या."

आमच्याकडं वडीलधाऱ्यांपुढं पायावर पाय टाकत नाहीत, पण वरपक्षाच्या चुलत्याला ते तोंडावर सांगतही नाहीत.

"का? मान कमी पडतोय का तुमाला?" चुलत्यांनी विचारलं.

"मानाचं न्हाई वं. रगत अडतंय."

"माझं रगत हाय. अडंल न्हाईतर वाहील."

आता पाय खाली घेणं म्हणजे घराण्याची हार झाली असती. त्यांनी पोहे त्याच पायानं खाल्ले, चहा त्याच पायानं प्यायला. माझं शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मुलाच्या आईनं एकदा हळूच "भावजी, घ्या की खाली" म्हटलं, तर त्यांनी वरचा पाय आणखी वर ओढला.

वडिलांनी यंत्र आणलं. पायावर पाय ठेवूनच चुलत्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा जरा जास्त आला.

"बघा!"

"तुमी डोकं फिरवलंय म्हणून वाढलाय," चुलते म्हणाले. "तुमचा मोजा."

वडील पाठ ताठ, दोन्ही तळपाय फरशीवर ठेवून परेडला असावेत तसे बसले. त्यांचा आकडा चुलत्यांपेक्षा बराच वर गेला. चुलते इतके खूश झाले की त्यांनी स्वतःच सगळ्यांना पट्टा बांधायला घेतला. मुलाची आई, माझी आई, ताक द्यायला आलेली शेजारीण. शेजारणीनं सासूला बोलावून आणलं. बघता बघता बाहेर चपलांचा ढीग झाला. "शिबिर हाय का वं?" असं विचारत दोघं-तिघं म्हातारे आत येऊन बसले. मुलाची पाळी आली तेव्हा मी चहाची कपबशी घेऊन समोरच उभी होते. त्याची नाडी इतकी जोरात चालली की यंत्रानं दोनदा चूक दाखवली. आम्ही दोघंही हसलो. आमची ओळख झाली ती एवढीच.

शेवटी वडिलांनी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "बीपी मोजताना पाय सरळ ठेवायचे, नाहीतर आकडा थोडा वाढून दिसतो. एरवी थोडा वेळ पायावर पाय टाकून बसलं तर घाबरायचं कारण नाही. फक्त एकाच अवस्थेत फार वेळ बसू नका, मधे उठून फिरा."

"ऐकलं का?" दोघंही एकदमच म्हणाले.

जिंकल्याच्या आनंदात चुलते ताडकन उठले आणि तसेच वडिलांच्या अंगावर कोसळले. पाय पार बधिर झाला होता. वडिलांनी त्यांना कवेत धरलं, बाहेर अंगणात नेलं आणि खांद्यावर हात घेऊन चालवायला लागले. "लेफ्ट... राइट... हां, जरा टाच टेका."

"आई गं! लय मुंग्या आल्यात वं."

"येणारच. चला."

आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. त्यांच्या फेऱ्या थांबेचनात. मधेच चुलते लंगडत काहीतरी सांगायचे आणि वडील मान हलवायचे. परत आले ते साखरपुड्याची तारीख ठरवूनच.

आई म्हणाली, "आवं, पण पोरांना इचारलं का?"

वडिलांनी चुलत्यांकडं बघितलं. मग चुलते माझ्याकडं वळले आणि ओशाळून म्हणाले, "व्हय गं बाळ, तुझं नाव काय म्हनालीस?"