एका होडीत दोन काठांची माणसं

देगलूरच्या बाजूने मांजरा वाहते तिथे अर्धं पात्र आमचं आणि अर्धं तेलंगणाचं. पावसाळ्यात मासे अंडी घालायला चढणीला लागतात. तेव्हा दोन्ही राज्यांत मासेमारीला बंदी असते. पण बंदीचे दिवस वेगळे, गस्तीची माणसं वेगळी. आमच्या माणसांनी कुणाला हटकलं की तो पलीकडच्या काठाला जाऊन बसायचा. तिकडचा इकडे यायचा. मासे मात्र दोन्हीकडचे संपत चालले होते.

शेवटी दोन्ही काठांच्या मच्छीमार सोसायट्या आणि दोन्हीकडचे मत्स्यखात्याचे साहेब एकत्र बसले. बंदी एकाच दिवसापासून, जाळ्याची घरं एकाच मापाची, आणि गस्तीच्या होडीत एक माणूस आमचा, एक त्यांचा. त्या होडीला आता कुठलाच काठ परका नव्हता. मला ही युक्ती फार आवडली. आमच्याकडून मी नाव दिलं. त्यांच्याकडून माझ्याहून थोरला एक अण्णा आला. मराठी, तेलुगू, दखनी हिंदी सगळं एका वाक्यात बोलणारा.

त्या सकाळी पात्रातल्या वाळूच्या बेटाजवळ मला हिरवी मच्छरदाणी दिसली. मच्छरदाणीतून बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. ती धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा होता माझा मेव्हणा.

मी होडीचा बांबू दुसरीकडे रेटला. म्हणालो, "अण्णा, तिकडं काही न्हाई."

खोटं बोललो मी. अण्णाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातला बांबू घेतला आणि होडी वळवली.

मेव्हणा पळाला नाही. उलट हसला. "या दाजी, या! रश्श्यापुरतं तुम्हालाबी देतो."

मग तो जाळं खांद्यावर टाकून बेटाच्या पलीकडच्या अंगाला गेला. "आता मी तेलंगणात हाय. दाजीचा कायदा संपला."

"दाजीचा संपला," अण्णा म्हणाला, "माझा सुरू झाला. ला इधर."

तसा मेव्हणा चार पावलं अलीकडे आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याला खात्री होती. बहिणीचा नवरा आपल्याला काय करणार? मलाही वाटलं, आता अण्णा उतरेल, जाळं ओढून घेईल आणि घरी मला सांगता येईल की मी कुठे काय केलं, त्या तेलंगणावाल्याने केलं. मी त्याचीच वाट बघत होतो.

अण्णा उतरला नाही. बांबू वाळूत रोवून, विडी पेटवून बसून राहिला.

"दे जाळं," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

"दाजी, ताईला काय सांगसाल?"

"तूच सांग. मी शेजारी बसून ऐकतो."

मेव्हण्याने जाळं होडीत फेकलं. त्याच्या घड्यांत पिल्लं तडफडत होती. अण्णाने विडी विझवली आणि एकेक सोडवून पाण्यात टाकू लागला. मीही लागलो. थोड्या वेळाने मेव्हणाही वाकला. "लई मोठे साहेब झालेत हे," असं पुटपुटत त्याने आमच्या दोघांहून चपळाईने पिल्लं सोडवली.

परतताना मी अण्णाला विचारलं, "हाताशी होता तो. तुम्हीच का न्हाई घेतलं जाळं?"

"अरे भाऊ, मी घेतलं असतं तर तुझ्या गावात काय बोलले असते? तेलंगणावाल्याने आमच्या पोराचं जाळं हिसकलं. मग मेरा गाव चूप बैठता क्या? पुढच्या साली ही होडीच न्हाई."

मी माझ्या घरात काय होईल तेवढंच बघत होतो. हा माणूस सगळी नदी मनात धरून बसला होता, आणि मी खोटं बोललेलं त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही.

बायको अजून तुटक बोलते. उद्याच्या गस्तीला मात्र मी जाणार आहे. अण्णाचा पुतण्या त्यांच्या बाजूच्या धरणाखाली जाळं टाकतो, असं अण्णानेच मला सांगितलंय. उद्या बांबू रोवून बसायची पाळी माझी.